बेकलाइटचे जनक लिओ बेकलंड

महाभारतातील लाक्षागृहाची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. पांडवांचा घात करण्यासाठी वारणावत नगरीत जे गृह उभारले गेले, त्यात लाखेसारखे ज्वालाग्राही पदार्थ भरलेले होते. लाख ही वस्तूच तशी आहे. ती थोड्याशा उष्णतेने मऊ होते, हवा तो आकार घेते, थंड होताच घट्ट होते आणि आगीत सापडली की भडकून पेटते. कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसतात आणि त्यांच्या शरीरांतून स्रवणाऱ्या रसापासून ही राळ मिळते. आपले सोनार पोकळ दागिन्यांत लाख भरतात. महत्त्वाच्या लखोट्यावर लाखेची मोहोर उठविली जाते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरील झळाळी लाखकामाचीच. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवर नाट्यगीते ऐकली, त्या तबकड्यांतही लाख होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्याच लाखेला एक नवे गिऱ्हाईक लाभले. ते गिऱ्हाईक म्हणजे वीज. तारांतून वीज वाहू लागली, यंत्रे फिरू लागली, दिवे लागले. परंतु वीज जेथे जाऊ नये तेथे तिला अडविणारी वस्तूही तितकीच आवश्यक होती. लाखेमधून वीज वाहत नाही. म्हणून विद्युत्-यंत्रे बनविणारे कारखानदार शुद्ध केलेल्या चपडा लाखेसाठी आपल्या देशाकडे पाहू लागले. पण झाडावरच्या किड्यांना घाई करता येत नाही. मागणी वाढत गेली, पुरवठा त्या मानाने वाढेना आणि भाव चढू लागले. लाखेची जागा घेईल अशी वस्तू प्रयोगशाळेत तयार करता येईल काय, हा प्रश्न अनेक रसायनशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना लाखेपेक्षाही निराळी आणि सृष्टीत कोठेही न आढळणारी वस्तू ज्याच्या हाती लागली, तो एका चांभाराचा मुलगा होता. त्याचे नाव लिओ बेकलंड. त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

लिओचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जममधील गेंट ह्या शहरी झाला. हीच तारीख पुढे आपल्या देशात पंडित नेहरूंचा जन्मदिन म्हणून बालदिन ठरली, हा एक गोड योगायोग. वडील जोडे शिवण्याचा व दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत. आईने लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले होते. मुलाने लवकर आपला धंदा शिकून हाताखाली यावे, अशी वडिलांची अपेक्षा होती; गरीब घरात अशी अपेक्षा असणे अस्वाभाविक नाही. परंतु ज्या सुशिक्षित घरांत आई राबली, तेथे विद्येचे मोल तिने प्रत्यक्ष पाहिले होते. मुलगा शिकलाच पाहिजे, हा तिचा आग्रह. त्या अशिक्षित माउलीचा हट्ट टिकला नसता, तर गेंटमध्ये आणखी एक चांभार वाढला असता आणि जगाला हे चरित्र लिहिण्याचे कारण पडले नसते.

लिओ बुद्धिमान तर होताच, पण कष्टाळूही होता. दिवसा शाळा आणि रात्री नगरपालिकेच्या तांत्रिक शाळेतील वर्ग असा त्याचा क्रम असे. तेथे रसायन, पदार्थविज्ञान व यंत्रशास्त्र ह्या विषयांची त्याला गोडी लागली. त्या काळी छायाचित्रण ही नवी कला होती आणि ह्या मुलाला तिचे वेड होते. छायाचित्रणासाठी लागणारे सिल्व्हर नायट्रेट विकत घेण्याइतके पैसे जवळ नव्हते. तेव्हा वडिलांनी दिलेल्या घड्याळाची चांदीची साखळी त्याने आम्लात विरघळविली आणि तिच्यातून हवा तो क्षार मिळविला, अशी गोष्ट सांगतात. साखळी गेली, पण धातू शुद्ध करून क्षार कसा बनवावा हे त्या मुलाने स्वतःच्या हाताने शिकून घेतले.

गेंट नगराची शिष्यवृत्ती मिळवून वयाच्या अवघ्या १७व्या वर्षी, म्हणजे १८८० साली, तो गेंट विद्यापीठात दाखल झाला. घरची भाषा फ्लेमिश आणि विद्यापीठात अध्यापनाची भाषा फ्रेंच, अशी त्या काळी तेथे परिस्थिती होती. घरात एक भाषा आणि वर्गात दुसरी, हा अनुभव आपल्याकडील मुलांना परका नाही. आणि त्यामुळे ज्ञानाची वाट अडत नाही, हे लिओच्या उदाहरणावरून दिसते. १८८२ मध्ये तो पदवीधर झाला आणि १८८४ मध्ये, वयाची एकविशी पुरी होते न होते तोच, त्याने सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळविली.

त्यानंतर काही काळ बेकलंड यांनी ब्रुज येथील अध्यापक विद्यालयात शिकविले आणि पुढे ते गेंट विद्यापीठातच रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपले गुरू प्राध्यापक थिओडोर स्वार्ट्स यांची कन्या सेलिन हिच्याशी त्यांचा ८ ऑगस्ट १८८९ रोजी विवाह झाला. एका स्पर्धेत त्यांना प्रवासवृत्ती मिळालेली होती. तिच्या आधारे हे नवदांपत्य अमेरिकेस गेले. बेकलंड यांनी परत येऊन विद्यापीठातच राहावे, अशी गुरूंची इच्छा होती. पण न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक चँडलर यांची भेट झाली, छायाचित्रणाच्या सामानाचा व्यापार करणाऱ्या अँथनी कंपनीत रसायनज्ञाची जागा मिळाली आणि बेकलंड कायमचे अमेरिकेचे झाले.

दोन वर्षांनी त्यांनी ती नोकरी सोडली व स्वतंत्र सल्लागार म्हणून व्यवसाय मांडला. येथे त्यांच्या आयुष्यातील पहिली कठीण कसोटी लागली. एकाच वेळी अनेक शोधांच्या मागे ते धावू लागले. एकही पुरा होईना. जवळची पुंजी संपत आली आणि त्यातच त्यांना मोठे दुखणे आले. अंथरुणाला खिळून असताना त्यांनी आपल्या कामाचा शांतपणे हिशेब केला आणि असा निश्चय केला, की ह्यापुढे अनेक गोष्टी अर्धवट हाती धरण्याऐवजी लवकरात लवकर फळ देईल अशी एकच गोष्ट धरायची आणि ती तडीस न्यायची. पुढील सर्व यशाचे मूळ ह्या निश्चयात आहे.

ती एक गोष्ट म्हणजे छायाचित्रे छापण्याचा नवा कागद. तोवर छायाचित्रे उन्हात धरून छापावी लागत. आभाळ भरून आले की छायाचित्रकाराचे काम थांबे. बेकलंड यांनी सिल्व्हर क्लोराइडचा असा कागद तयार केला, की त्यावर दिव्याच्या उजेडातही छायाचित्र छापता यावे. लिओनार्ड जेकोबी हे भागीदार मिळाले, न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स येथे नेपेरा केमिकल कंपनी उभी राहिली आणि ह्या कागदाला वेलॉक्स असे नाव देण्यात आले. पण काळ वाईट होता. १८९३ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली होती. शिवाय धंदेवाईक छायाचित्रकारांना जुनी रीत सोडवेना. सोबत दिलेल्या सूचना वाचण्याचे कष्टही पुष्कळांनी घेतले नाहीत. हौशी लोकांनी मात्र त्या सूचना नीट वाचल्या, त्यांप्रमाणे काम केले आणि त्यांची छायाचित्रे उत्तम निघू लागली. हळूहळू वेलॉक्सचा बोलबाला झाला. १८९९ मध्ये कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांनी ती कंपनी विकत घेतली. ह्या व्यवहाराची रक्कम साडेसात लाख डॉलर अशी सामान्यतः सांगितली जाते. तीत भागीदारांचेही वाटे होतेच. तरीही वयाच्या ३६व्या वर्षी बेकलंड सधन झाले, आणि उरलेले आयुष्य आरामात घालविण्यास त्यांना कोणाची आडकाठी नव्हती.

पण आराम हा त्यांचा पिंड नव्हता. हडसन नदीच्या काठी याँकर्सला त्यांनी स्नग रॉक नावाचे घर घेतले आणि त्याच्या आवारातच प्रयोगशाळा थाटली. ईस्टमन यांच्याशी झालेल्या करारामुळे छायाचित्रणाच्या क्षेत्रात त्यांना पुन्हा पाऊल टाकता येत नव्हते. तेव्हा नवा विषय शिकला पाहिजे, म्हणून १९०० साली हा यशस्वी गृहस्थ जर्मनीत शार्लोटेनबर्ग येथे जाऊन विद्यार्थ्यासारखा विद्युत्-रसायनशास्त्राचा अभ्यास करू लागला. परतल्यावर त्यांनी नायगारा धबधब्याजवळच्या हूकर कंपनीला मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा व क्लोरीन मिळविण्याची विद्युत्-घटी सुधारण्यात साहाय्य केले. त्यानंतर ते लाखेच्या प्रश्नाकडे वळले.

हा प्रश्न नेमका काय होता, हे थोडे समजून घेऊ. दगडी कोळशापासून निघणाऱ्या डांबरात फिनॉल नावाचा पदार्थ असतो. आपल्याकडे जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे कार्बोलिक आम्ल ते हेच. दुसरा पदार्थ फॉर्माल्डिहाइड. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतील प्राणी ज्या द्रवात जतन करून ठेवतात, ते फॉर्मलिन म्हणजे ह्याचाच पाण्यातील द्रावण. फिनॉल आणि अल्डिहाइड एकत्र आले की त्यांची परस्परांवर क्रिया होऊन राळेसारखा पदार्थ बनतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच पाहिले होते. परंतु ही राळ म्हणजे प्रयोगशाळेतील एक पीडाच मानली जाई. भांड्याला ती अशी चिकटून बसे, की कशातही विरघळेना आणि खरवडूनही निघेना. भांडेच टाकून द्यावे लागे. जे स्वच्छ, स्फटिकरूप पदार्थांच्या शोधात होते, त्यांना ह्या ढेकळात काही रस नव्हता.

बेकलंड यांनी ह्या उपद्रवातच गुण पाहिला. जी वस्तू कशानेही विरघळत नाही, ती हव्या त्या आकारात घडविता आली, तर तिच्यासारखी टिकाऊ वस्तू दुसरी कोणती? अडचण होती ती घडविण्याची. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांचा संयोग होताना पाणी बाहेर पडते व पुष्कळ उष्णता निर्माण होते. त्या पाण्याची वाफ होते, मिश्रण फेसाळते आणि थंड झाल्यावर हाती येतो तो छिद्राछिद्रांचा, स्पंजासारखा ठिसूळ गोळा. इतर संशोधक ह्यावर एकच उपाय करीत, तो म्हणजे उष्णता कमी ठेवण्याचा. त्यामुळे फेस थोडा कमी होई, पण क्रिया अपुरी राही आणि पदार्थ कच्चा निघे. बेकलंड आणि त्यांचे सहकारी नॅथॅनियल थर्लो यांनी प्रथम लाखेसारखी विरघळणारी एक राळ बनविली व तिला नोव्होलॅक असे नाव दिले. परंतु खऱ्या लाखेपुढे तिचा बाजारात निभाव लागला नाही. दुसरा कोणी असता तर येथेच थांबला असता.

१९०७ साली जून महिन्यात बेकलंड लाकडावर प्रयोग करीत होते. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांचे मिश्रण मऊ लाकडात मुरवून ते तापवावे, म्हणजे लाकूड कठीण होईल, अशी त्यांची कल्पना होती. लाकूड त्यांना हवे तसे झाले नाही. पण लाकडातून पाझरून बाहेर आलेला आणि तेथेच घट्ट झालेला पदार्थ त्यांच्या तीक्ष्ण दृष्टीतून सुटला नाही. तो विलक्षण कठीण होता. मग त्यांनी लाकूड बाजूला ठेवले आणि नुसते ते मिश्रणच बंद नळीत घालून तापविले. इतरांच्या नेमके उलट त्यांनी केले. उष्णता कमी न करता त्यांनी ती पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी वर नेली. आणि वाफेने फेस करू नये म्हणून सर्व मिश्रण मोठ्या दाबाखाली कोंडून ठेवले. आपल्या घरातील कुकरात जसे झाकण घट्ट बसवून वाफ कोंडतात, तसेच हे तत्त्व होते. फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण किती, मिश्रणात आम्ल घालावे की अल्क, क्रिया कोणत्या टप्प्यावर थांबवावी, ह्या सर्वांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. भांडे उघडले तेव्हा नळीच्या आकाराचा, एकसंध, कठीण, अंबरासारखा पदार्थ हाती आला. तो तापविला तरी वितळेना. आम्लात, अल्कोहोलात कशातही विरघळेना. आपल्या हाती काय लागले आहे, हे त्यांनी त्याच दिवसांत ओळखले. १३ जुलै १९०७ रोजी त्यांनी एकस्वासाठी, म्हणजे पेटंटासाठी, अर्ज केला. ७ डिसेंबर १९०९ रोजी ते मिळाले. अशी घाई का करावी लागते, हेही येथे लक्षात येण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न हे अभियंतेही त्याच वाटेवर होते. त्यांचा अर्ज बेकलंड यांच्या अर्जानंतर अवघ्या एका दिवसाने दाखल झाला.

फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत बेकलंड यांनी आपला शोध जाहीर केला. ह्या पदार्थाचे त्यांनी दिलेले रासायनिक नाव पॉलिऑक्सिबेंझिलमिथिलिनग्लायकॉलअनहायड्राइड असे होते. हे नाव कोणत्याही दुकानदाराच्या जिभेवर बसणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या आडनावावरून बेकलाइट हे सुटसुटीत नाव योजिले. १९१० मध्ये जनरल बेकलाइट कंपनी स्थापन झाली व न्यू जर्सीतील पर्थ अँबॉय येथे कारखाना सुरू झाला. जर्मनीतही त्याच वर्षी उत्पादनास आरंभ झाला. दाबाखाली मिश्रण तापविण्याचे लोखंडी भांडे बेकलायझर म्हणून ओळखले जाई. त्यांपैकी एक जुने भांडे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जतन करून ठेवले आहे.

बेकलाइटचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या पूर्वीच्या वस्तूशी त्याची तुलना करावी लागेल. १८७० च्या सुमारास जॉन वेस्ली हायट यांनी सेल्युलॉइड प्रचारात आणले होते. हस्तिदंताच्या बिलियर्डच्या चेंडूंना पर्याय हवा होता, त्यातून ते जन्मले. फण्या, बाहुल्या व पुढे चित्रपटाच्या फिती त्यापासून बनल्या. पण सेल्युलॉइड कापसातील सेल्युलोज आणि कापूर यांपासून होई. म्हणजे त्याचा पाया वनस्पतीचाच होता, आणि ते लाखेप्रमाणेच झटकन पेट घेई. ज्याच्या रेणूंची जडणघडण संपूर्णपणे मनुष्याने केली, असे पहिले प्लास्टिक म्हणजे बेकलाइट.

प्लास्टिकचे दोन मोठे वर्ग आहेत. एक उष्मा मृदू आणि दुसरा उष्मादृढ. मेण वितळवून त्याची मेणबत्ती करावी, ती पुन्हा वितळवून दुसरी करावी, असे कितीही वेळा करता येते. पॉलिथीन हे असे उष्मा मृदू प्लास्टिक होय. ह्याच्या उलट कुंभाराचे मडके घ्या. ओली माती चाकावर हवा तो आकार घेते, परंतु एकदा आव्यात भाजली की ती पुन्हा कधीही मऊ होत नाही. बेकलाइट हे ह्या दुसऱ्या जातीचे आहे. पहिल्या तापण्यात ते साच्यात वाहते, त्याच तापण्यात त्याच्या लांब रेणूंमध्ये सर्व दिशांनी घट्ट बंध जुळतात आणि सगळा तुकडा जणू एकच प्रचंड जाळे होऊन बसतो. त्यानंतर उष्णता त्याला वितळवू शकत नाही. फारच तापविले तर ते करपेल, पण पाघळणार नाही. लाक्षागृहातील लाख आणि ही प्रयोगशाळेतील राळ यांच्यात अंतर आहे ते एवढे.

त्याचे इतर गुणही मोलाचे होते. वीज त्यातून वाहत नाही. पाणी, तेल, सौम्य आम्ले यांचा त्यावर परिणाम होत नाही. साच्यातून काढल्यावर आकार नेमका राहतो व वर चकाकी असते. पुन्हा घासण्याचे वा रंगविण्याचे काम उरत नाही. नुसती राळ ठिसूळ असते, म्हणून तीत लाकडाचा भुसा, कापडाचे तुकडे किंवा तंतू मिसळून तिला बळकटी देत. पूर्वी काही ठिकाणी त्यात ॲस्बेस्टॉसही घालीत. पुढे तो आरोग्यास घातक ठरला, हे सांगणे अवश्य आहे. बेकलाइटचा एक उणेपणा म्हणजे त्याचा रंग. मूळ राळ काळानुसार गडद होत जाते. म्हणून बेकलाइटच्या वस्तू बहुधा काळ्या, तपकिरी किंवा तांबूस दिसत.

अशा वस्तूला विजेच्या युगाने डोक्यावर घेतले, ह्यात नवल नाही. विजेची बटणे, प्लग, दिव्यांचे होल्डर, मोटारीच्या इंजिनात ठिणगी पोहोचविणाऱ्या यंत्रणेचे भाग, टेलिफोन, कॅमेरे, घड्याळांच्या पेट्या, गुंड्या, बांगड्या, सिगारच्या नळ्या, बिलियर्डचे चेंडू, स्वयंपाकाच्या भांड्यांच्या मुठी, असे त्याचे उपयोग वाढतच गेले. कंपनीने आपल्या चिन्हात इंग्रजी बी ह्या अक्षराखाली गणितातील अनंताची खूण घातली होती, ती उगीच नव्हे. लाकडी पेटीचा रेडिओ सुतार बनवी. बेकलाइटच्या रेडिओची पेटी साच्यातून काही मिनिटांत बाहेर पडे. इंग्लंडमधील एको कंपनीने १९३४ मध्ये काढलेला वर्तुळाकार रेडिओ हा त्या काळच्या कलाकुसरीचा नमुना म्हणून आजही संग्रहालयांत मांडला जातो. एकेकाळी कचेऱ्यांतून दिसणारे काळे, जड टेलिफोन ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना त्या वस्तूचे वजन आणि थंड स्पर्श अजून आठवत असेल.

ह्या राळेचे डोळ्यांना न दिसणारे उपयोग तर अधिकच आहेत. १९१२-१३ च्या सुमारास हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर ह्या दोन अमेरिकन तरुणांनी कापड व कागद ह्यांचे थर अशा राळेत भिजवून, दाबून, कठीण तक्ते बनविले. विजेच्या यंत्रांत तोवर अभ्रक वापरीत. अभ्रकाऐवजी वापरण्याची वस्तू ह्या अर्थी त्यांनी तिचे नाव फॉर्मायका ठेविले. आपल्याकडे टेबलांवर आणि कपाटांवर जो सनमायका लावतात, त्याच्या आतील तपकिरी कागदांचे थरही फिनॉलच्या राळेनेच सांधलेले असतात. पाण्यात न सुटणारे प्लायवूड, धार लावण्याची चाके, मोटारींचे ब्रेक यांतही ही राळ आहे. घरातील कुकरची काळी मूठ हातास पोळत नाही, ह्याचेही श्रेय तिलाच.

यशाबरोबर प्रतिस्पर्धीही आले. एकस्वाच्या हक्कांवरून वर्षानुवर्षे खटले चालले. अखेरीस १९२२ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आणून बेकलाइट कॉर्पोरेशन स्थापन करण्यात आली. जे प्रतिपक्षी होते, त्यांनाच बेकलंड यांनी भागीदार करून घेतले. इंग्लंडमध्ये ज्यांची संधी एका दिवसाने हुकली होती, ते स्विनबर्नही पुढे तेथील बेकलाइट कंपनीचे अध्यक्ष झाले. १९१६ मध्ये बेकलंड यांना पर्किन पदक मिळाले. १९२४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. योगायोग असा, की त्याच १९२४ साली आपल्या देशात रांचीजवळ नामकूम येथे लाखेच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली. कृत्रिम राळेचा जनक जगभर गाजत असताना नैसर्गिक राळेचा देशही आपल्या धनाची काळजी वाहू लागला होता.

बेकलंड यांची राहणी साधी होती. पुष्कळ वर्षे ते न चुकता रोजनिशी लिहीत. त्यांच्या रोजनिशीच्या बासष्ट वह्या आजही उपलब्ध आहेत. संसारात त्यांनी दुःखही सोसले. जेनी ही त्यांची थोरली मुलगी १८९५ मध्ये बालवयातच वारली. त्या वेळी वेलॉक्सचे भवितव्य ठरावयाचे होते, तरीही हे पतिपत्नी खचले नाहीत. सेलिनबाई चित्रकार होत्या. मुलगा जॉर्ज ह्याने कंपनीची धुरा वाहावी, असे पित्यास वाटे, पण मुलाचा ओढा तिकडे नव्हता. ज्या पित्याने स्वतः बापाचा धंदा सोडून आपली वाट धरली होती, त्याच्याच घरी काळाने हा प्रसंग पुन्हा आणला. अखेर १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडला विकण्यात आली. म्हातारपणी ते फ्लॉरिडातील घरी अधिकाधिक एकाकी व विक्षिप्त होत गेले. डबाबंद अन्न खावे, लोकांत मिसळू नये, असे त्यांचे दिवस जात. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे ऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

बेकलाइट बनविले तेव्हा त्याचे रेणू नेमके कसे जोडलेले असतात, हे खुद्द बेकलंड यांनाही पुरते ठाऊक असणे शक्य नव्हते. लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन प्रचंड रेणू बनतात, हा सिद्धांत हर्मन स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडला, आणि त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळावयास १९५३ साल उजाडले. हाताने वाट आधी काढली, बुद्धीने तिचा नकाशा मागाहून रेखाटला. त्या वाटेने पुढे १९३३ मध्ये इंग्लंडात पॉलिथीन आणि १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन आले. आज आपल्या अंगावरचे कापड, हातातील पेन, दूधाची पिशवी, मच्छीमारांची जाळी ही सर्व त्या परिवारातील आहेत.

मात्र ह्या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. जी वस्तू वितळत नाही, विरघळत नाही, कुजत नाही, ती फेकून दिल्यावरही तशीच राहते. बेकलाइट उष्मादृढ असल्याने ते वितळवून दुसरी वस्तू करता येत नाही. फार तर दळून भर म्हणून वापरता येते. पण बेकलाइटच्या वस्तू निदान वर्षानुवर्षे वापरण्यासाठी केल्या जात. त्यानंतर आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या व वेष्टने मनुष्य काही मिनिटे वापरतो आणि टाकतो. त्या मात्र ओहोळांत, शेतांत आणि आपल्या समुद्रकिनाऱ्यांवर दीर्घकाळ पडून राहतात. म्हणूनच १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर भारतात बंदी घालण्यात आली. ह्यात दोष शोधाचा की वापरणाऱ्याचा, ह्याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा. शंभर वर्षे टिकणारी वस्तू पाच मिनिटांच्या कामासाठी वापरणे ही बुद्धिमत्ता नव्हे, एवढे तरी आपणांस मान्य व्हावे. इकडे झारखंड, छत्तीसगडच्या रानांत आजही लाख गोळा केली जाते. कारण कुजून मातीस मिळण्याचा जो गुण लाखेत आहे, त्याचे मोल आता पुन्हा कळू लागले आहे.

विद्यार्थी मित्रहो, बेकलंड यांच्या चरित्रातून घेण्याजोग्या गोष्टी अनेक आहेत. त्यांतील तीन मला विशेष वाटतात. पहिली ही, की दारिद्र्य आणि परभाषा ह्या दोन्ही भिंती ओलांडता येतात. मात्र घरात शिक्षणाचा आग्रह धरणारे कोणीतरी असावे लागते. ज्यांना अशी आई लाभली आहे, त्यांनी तिचे ऋण विसरू नये. दुसरी ही, की दहा विहिरी हातहातभर खणण्यापेक्षा एकच विहीर पाणी लागेपर्यंत खणावी. तिसरी आणि सर्वांत मोठी ही, की ज्या फेसाला भिऊन इतरांनी आच कमी केली, त्याच फेसाला बेकलंड सामोरे गेले. त्यांनी आच वाढविली आणि तिला धरून ठेवण्यास बळकट भांडे केले. अभ्यासातील अवघड धडा सोपा करून घेण्याऐवजी आपले बळ वाढविणे, हाच त्याचा अर्थ.

सुटीच्या दिवशी आपल्या घरात फिरून पाहा. कढईची मूठ, जुना दिव्याचा होल्डर, टेबलावरचा सनमायका, शिवणयंत्राच्या पेटीतील एखादी जुनी काळी गुंडी, ह्यांपैकी काही ना काही प्रत्येक घरी सापडेलच. त्यांची एक यादी करा, प्रत्येक वस्तू किती वर्षे वापरात आहे ते वडीलधाऱ्यांना विचारून शेजारी लिहा आणि ती यादी विज्ञानाच्या तासाला घेऊन या. गेंटच्या चांभाराच्या मुलाने केलेले काम आपल्या घरी किती काळ आपली सेवा करीत आहे, हे त्या यादीवरून आपोआप कळेल.